पहिल्या प्रदर्शनासाठी काय हवं: छोटं परीक्षण की कॅटलॉगमधला लेख?

पहिलं एकल प्रदर्शन ठरलं की तरुण चित्रकारापुढे हा प्रश्न हमखास येतो. पैसे मोजकेच आणि वेळही मोजकाच. तो एखाद्या नावाजलेल्या लेखकाकडून कॅटलॉगसाठी, म्हणजे प्रदर्शनाच्या छापील पुस्तिकेसाठी, सविस्तर लेख लिहून घेण्यात घालवायचा, की समीक्षकांच्या मागे लागून दीड-दोनशे शब्दांचं का होईना, परीक्षण मिळवायचं? माझा कौल छोट्या परीक्षणाला आहे.

कॅटलॉगमधला लेख सांगून लिहून घेतलेला असतो. मानधन बहुधा गॅलरी किंवा स्वतः चित्रकार देतो, त्यामुळे त्यात नापसंती सहसा येत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. पण त्याची खरी ताकद वेगळी आहे. लेखक स्टुडिओत येतो, जुनी कामं आणि स्केचबुकं चाळतो, काही वर्षांच्या कामातला धागा शोधतो. असा धागा तयार व्हायला मात्र तेवढं काम मागे असावं लागतं. पहिल्याच मालिकेवर दोन हजार शब्द लिहायचे म्हटलं की लेखक चित्रं सोडून स्मृती, अवकाश, अस्तित्व यांकडे वळतो आणि लेख कुणाच्याही चित्रांना चालेल असा होतो.

छोट्या परीक्षणात ही पळवाट नसते. जागा कमी, म्हणून वीस चित्रांतली दोन-तीनच निवडावी लागतात. त्रयस्थ नजर नेमकी कुठे थांबली हे चित्रकाराला त्यातून कळतं, आणि मला ते कौतुकापेक्षा मोलाचं वाटतं. अर्थात परीक्षण चांगलं असेल तर. ‘आश्वासक रंगसंगती’ हे वाक्य निरुपयोगी आहे. याउलट, ‘कॅनव्हासचा खालचा भाग कोरा आहे, वरच्या काळ्या रंगाचे ओघळ तिथे एका सरळ रेषेत थांबतात, जवळ गेल्यावर टेप लावून ते अडवल्याचं दिसतं, आणि इतर चित्रांत हा संयम नाही’, एवढं वाचून प्रदर्शन न पाहिलेल्यालाही चित्र दिसतं, आणि चित्रकाराला पुढच्या कामाची दिशा मिळते. अमेरिकन कलाकार डोनाल्ड जड 1959 ते 1965 या काळात ‘आर्ट्स मॅगझिन’साठी अशी परीक्षणं लिहायचा, कित्येकदा एका परिच्छेदाची. त्यांत वस्तू कशाची आहे, कशी बांधली आहे हे स्पष्ट असायचं आणि मतही रोखठोक असायचं.

गॅलरी पाठीशी नसलेल्यांना कॅटलॉगचा खर्च झेपत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकन समीक्षक लोरी वॅक्समन हिचा उपक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. 2005 पासून ती ठिकठिकाणी बसून, येईल त्या कलाकाराच्या कामावर सगळ्यांसमोर छोटं परीक्षण लिहिते, तेही विनामूल्य. 2012 साली जर्मनीतल्या कासेल शहरातल्या डॉक्युमेंटा 13 या मोठ्या कलाप्रदर्शनातही तिने हे केलं. कुणाची ओळख लागत नाही.

छोट्या परीक्षणाचा धोकाही खरा आहे. एखादं लेबल कायमचं चिकटतं. 1874 मध्ये समीक्षक लुई लरॉयने फ्रेंच चित्रकार मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्राच्या नावावरून ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून खिल्ली उडवली, 1905 मध्ये समीक्षक लुई व्होसेलने चित्रकार मातिस आणि त्याच्या सोबत्यांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरं, म्हटलं. ते चित्रकार त्यातून तरले, कारण ते गटाने होते आणि काम करत राहिले. एकट्या नवख्याला एका तिरकस ओळीचा ताण जास्त होतो.

इन्स्टॉलेशन (जागेत मांडलेली रचना) किंवा परफॉर्मन्स (प्रेक्षकांसमोर केलेली कृती) करणाऱ्यांना मात्र मी उलटा सल्ला देईन. काम उतरवलं की मागे काहीच उरत नाही. तिथे सविस्तर लेख आणि फोटो हाच पुरावा, त्यामुळे पैसे त्यावरच घालावेत. चित्रकार-शिल्पकारांनी तो खर्च दुसऱ्या-तिसऱ्या प्रदर्शनापर्यंत थांबवला तर बिघडत नाही. सोशल मीडियावरची वाहवा या दोन्हींची जागा घेत नाही.

परीक्षण हवं असेल तर समीक्षकाला प्रदर्शन उघडण्याआधीच कळवा. शेवटच्या दोन दिवसांत आलेल्याचं लिखाण छापून येईपर्यंत भिंती रिकाम्या झालेल्या असतात. सोबत चार चांगले फोटो, माप, माध्यम, वर्ष आणि अर्ध्या पानाची साधी माहिती द्या. अर्थ तुम्ही सांगू नका, तो त्यांना शोधू द्या.