तांब्याचे मणी, मिन्याची पावडर आणि माझे साडेसहा हजार

कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच माळा ओवून विकते. गुजरीतल्या सराफी दुकानांत मिनाकाम बघून बरेच दिवस मनात होतं, आपणही मणी रंगवावेत. मिना म्हणजे काचेची बारीक पूड. तांब्याचा मणी सळीवर धरून गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत तापवायचा, पुडीत घोळवायचा, परत तापवायचा. साधारण ७५० ते ८५० अंशांवर काच वितळून धातूला धरते. भट्टीचा खर्च नाही, म्हणून हेच निवडलं.

फोनवर एक विक्रेता भेटला. "ताई, प्युअर कॉपर, इम्पोर्टेड इनॅमल," म्हणाला. व्हिडिओ कॉलवर हिरवा चकचकीत मणी करून दाखवला. दोनशे मणी आणि बारा रंग, साडेसहा हजार, सगळे आगाऊ. पाठवले.

पहिला मणी ज्योतीत धरला आणि तो सळीवरच लोळागोळा झाला. तांबं १०८५ अंशांना वितळतं, जस्त ४२० अंशांनाच. माझ्या हातात होतं ते तांब्याचं पाणी दिलेलं जस्ताचं मिश्रण. मला तेव्हा एवढं कुठलं कळायला? वाटलं, ज्योत मोठी झाली. सात-आठ मणी तसेच जाळले. कापसासारखा पांढरा भुरका उडत होता, घशात गोडसर चव आली आणि रात्री हुडहुडी भरून ताप चढला. डॉक्टरांनी सांगितलं, जस्ताच्या धुरानं असं होतं. घरात लहान मुलं आहेत माझ्या. पैशापेक्षा याचाच मला जास्त संताप येतो.

मग पावडर तरी बघू, म्हणून घरातल्या तांब्याच्या तारेवर टाकून तापवली. काळा धूर, जळक्या प्लास्टिकचा वास. शेजारचा मुलगा शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं चिमूटभर बोटांत चोळली आणि म्हणाला, "काकी, ही आमची पावडर कोटिंगची पावडर की! कपाटं रंगवतात हिनं. दोनशे अंशांत बसते, टॉर्चखाली जळणारच."

विक्रेत्याला फोन केला तर "ताई, तुमचा हात अजून बसला नाही." शेजारच्या मुलानं सांगूनही मी ते खरं मानलं आणि बारा दिवस त्याच्या सांगण्यावरून ज्योत कमी-जास्त करत बसले. तेराव्या दिवशी त्यानं नंबर ब्लॉक केला, तेव्हा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली. नोंद झाली, पण पैसे तोवर पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. शंका आली त्याच दिवशी फोन लावा, हात बसायची वाट बघू नका.

आता मी माल हातात आल्याशिवाय पैसे देत नाही. एक मणी कानशीनं घासून बघते. आतपर्यंत लाल निघाला तर तांबं, करडा-पांढरा निघाला तर परत. लोहचुंबकावर विसंबू नका, तांब्यासारखंच जस्त आणि पितळही त्याला चिकटत नाही. पावडर चिमूटभर पाण्यात टाकते. काच झटकन तळाला बसते, माझी ती पावडर वर तरंगत राहिली होती. तांब्याच्या तुकड्यावर तापवली की खरी मिना आधी खरखरीत दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, मग आरशासारखी सपाट होते. धूर निघत नाही. आणि पावडर शिसेविरहित आहे का, हे लेखी मागा. बिल मागितल्यावर जो तऱ्हा करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "हा सेट घेऊ का गं?" फोटोत तोच हिरवा मणी होता आणि मागे तीच कडेला टवका उडालेली पांढरी बशी. विकणाऱ्याचं नाव मात्र दुसरं होतं.