घसा बघायचा पेनटॉर्च, सहा महिने वापरून सांगते

मी स्टाफ नर्स आहे, ओपीडीत दिवसाला किती घसे बघते त्याची मोजदाद नाही, म्हणून हा रिव्ह्यू खास सिस्टर लोकांसाठी. आधीचा स्वस्तातला टॉर्च निळसर उजेडाचा होता आणि त्यात सगळ्यांचेच घसे फिकट दिसायचे, एका पोराचा घसा मी नॉर्मल लिहिला आणि डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी नेऊन बघितलं तर टॉन्सिल लालबुंद, वर पांढरे ठिपके. फार लागलं मनाला. दुसऱ्याच दिवशी हा मागवला.

यात पांढरा आणि पिवळसर असे दोन उजेड आहेत. पिवळसरमध्ये घशाचा रंग खरा दिसतो, गुलाबी आणि ओलसर असेल तर नॉर्मल, मागच्या भिंतीवर बारीक दाणे दिसले म्हणून लगेच घाबरायचं नाही, लहान मुलांचे टॉन्सिल तसेही मोठेच असतात. उजेडाचा झोत गोल आणि एकसारखा पडतो त्यामुळे 'आ' करायला लावलं की पडजीभ मधोमध सरळ वर जाते का ते नीट कळतं. मागच्या महिन्यात एका ताईंची पडजीभ चक्क डावीकडे ढकललेली, उजवा टॉन्सिल फुगलेला, तोंड धड उघडत नव्हतं, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा, तिथंच डॉक्टरांना हाक मारली, टॉन्सिलमागे पू झाला होता. गुटखा खाणाऱ्यांचे गाल आतून पांढुरके पडलेले असतात, तेही यात लगेच लक्षात येतं, अशा माणसाचं तोंड पुरेसं उघडतं का, म्हणजे तोंडात तीन बोटं उभी जातात का ते बघाच. आणि घशात राखाडी पापुद्रा दिसला तर जीभ दाबायच्या पट्टीने खरवडू नका, रक्त येतं, घटसर्प असू शकतो, आधी डॉक्टरांना दाखवा. पोराची लाळ गळतेय आणि श्वास घेताना आवाज येतोय तर टॉर्च आणि पट्टी दोन्ही खिशातच ठेवा, तोंडात काही घालू नका.

आता खोट. बटण फार हलकं आहे, खिशात आपोआप चालू होतं आणि सेल उतरतात, डोळ्याची बाहुली मोजायला टॉर्चवर छापलेले गोल स्पिरिटने पुसून पुसून दोन महिन्यांत गेले. काविळीसाठी डोळे पिवळसर उजेडात बघू नका, पिवळेपणा लपतो, दिवसाच्या उजेडातच बघा. बाकी पैसे वसूल, वॉर्डातल्या अजून दोघींनी मागवलाय.