स्टाटाचे लॅग-लीड: महाग आहे, पण पॅनेल डेटावाल्यांनी घ्यावंच

लॅग, म्हणजे मागच्या काळाचा आकडा आजच्या ओळीत आणायला, स्टाटासारखं महागडं आकडेवारीचं सॉफ्टवेअर कशाला, एक्सेलमध्ये कॉलम एक ओळ खाली सरकवला की झालं, असं म्हणणारे ढिगाने आहेत. आमचं काम मुंबईच्या वॉर्डवाईज पॅनेल डेटावर, म्हणजे प्रत्येक वॉर्डाच्या दर महिन्याच्या नोंदी, महिन्याचा पाऊस आणि डेंग्यूचे पेशंट, आणि पाऊस पडला की लगेच पेशंट वाढत नाहीत, डास व्हायला, चावायला, ताप यायला वेळ जातोच, म्हणून मागच्या महिन्याचा पाऊस शेजारी लागतो. आता सरकवा कॉलम! एफ साऊथ संपला की खाली जी नॉर्थ सुरू, म्हणजे दादरच्या पहिल्या जानेवारीला परळचा शेवटचा डिसेंबर चिकटला, आणि एरर वगैरे काही येत नाही बरं का, रिग्रेशन, म्हणजे पावसाचा पेशंटवर किती परिणाम तो हिशोब, चुकीच्या आकड्यांवर मस्त चालतं.

स्टाटात एक्सटीसेट (xtset) या कमांडने वॉर्ड कुठला, महिना कुठला हे एकदा सांगून टाकायचं. मग पावसाच्या आधी एल डॉट लावला की मागचा महिना, एफ डॉट लावला की पुढचा, एल टू डॉट म्हणजे दोन महिने मागे, आणि हे थेट रिग्रेशनच्या कमांडमध्ये लिहिता येतं, वेगळा कॉलमपण नको. मेन म्हणजे हा ओळी मोजत नाही, तारीख बघतो. जुलैची नोंदच नसेल तर ऑगस्टला जूनचा पाऊस खपवत नाही, मिसिंगचं टिंब ठेवतो. एकाच वॉर्डाचा तोच महिना दोनदा आला तर एक्सटीसेटलाच अडून बसतो, हे तर मला फारच आवडतं.

लीड, म्हणजे हा पुढचा महिना, कशाला विचाराल, तर चेकिंगला. मागचा पाऊस मॉडेलमध्ये असूनही पुढच्या महिन्याचा पाऊस या महिन्याचे पेशंट वाढवताना दिसला, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

नखरे आहेतच. वॉर्डचं नाव अक्षरात चालत नाही, आधी एनकोड कमांडने त्याचा नंबर करा. महिना 202312, 202401 असा टाकलात तर त्याच्या हिशोबाने मध्ये 89 चं अंतर, सगळ्या जानेवारी कोऱ्या! वायएम फंक्शनने नीट तारीख करून घ्या.

फुकटात हवं तर आर (R) हे सॉफ्टवेअर आहे, पण त्यातल्या डीप्लायर पॅकेजचा लॅग ग्रुप बाय लावून वॉर्ड वेगळे केले तरी ओळीच मोजतो, गाळलेला महिना त्याला कळत नाही, त्यापेक्षा पीएलएम पॅकेजचा लॅग वापरा, तो तारीख बघतो.

माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा लायसन्सच्या किमतीपायी कापला. कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर आधी तिथे वापरून बघा, मग खिशात हात घाला.