प्रिमेरो: वर्षभर वापरल्यावर

बांगलादेशातल्या उखियाच्या निर्वासित छावणीत दहा वर्षांच्या एका रोहिंग्या मुलाने, नाफ नदी ओलांडताना आई कशी हरवली, हे आधी आमच्या केस वर्करला सांगितलं. मग दवाखान्यात, मग शिक्षण केंद्रात. कुटुंब शोधणारे चौथे आले तेव्हा तो तोंडच उघडेना. तीन वह्यांत त्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं आणि एकीची दुसरीला खबर नव्हती. २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त माणसं आली, संस्थाही भरपूर आल्या; पण सोसावं लागलं ते मुलांनाच.

म्हणून मुलांच्या केसची नोंद ठेवायचं युनिसेफचं सॉफ्टवेअर, प्रिमेरो, मला मनापासून आवडलं. मुक्त स्रोत आहे, नेटवर्क नसलं तरी मोबाइलवर नोंद होते, नंतर सिंक करायची. खरी किंमत आहे ती रेफरलची, म्हणजे केस दुसऱ्या संस्थेकडे पाठवण्याची. दवाखान्याकडे केस पाठवली की तिथल्या माणसाला त्याच्या कामापुरतंच दिसतं, सगळी कहाणी नाही. यादीत मुलाचं नाव झाकता येतं. कुणी काय बदललं, त्याचीही नोंद राहते. दुसऱ्या संस्थेत प्रिमेरो नसेल तर मात्र पुन्हा एक्सपोर्ट, पासवर्ड, फोनाफोनी. आमचा निम्मा दिवस त्यातच जायचा.

एक गोष्ट मला खटकते. संमती नसताना रेफरल करायला गेलं की सूचना येते, पण खूण करून पुढे जाता येतं. जीव धोक्यात असेल तर ही वाट हवीच, मान्य. पण घाईच्या दिवशी बोट आपोआप तिथे जातं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने घेतलेली रोहिंग्यांची माहिती त्यांना नीट न विचारता बांगलादेशमार्फत म्यानमारपर्यंत गेली, असं ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०२१ मध्ये मांडलं. परवानगी घेतली होती, असं त्या निर्वासित संस्थेने सांगितलं. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच हाती आपलं नाव, ही भीती मी आयांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

त्यामुळे नव्या टीमला माझं सांगणं एवढंच: प्रिमेरो घ्या, पण आधी संस्थांनी एकत्र बसून कोणती माहिती कोणाला द्यायची याचा लेखी करार करा. आणि 'दवाखान्याला सांगू का? शाळेला सांगू का?' हे मुलाला आणि घरच्यांना वेगवेगळं विचारा, त्यांच्या भाषेत, दुभाषा घेऊन. एका आजीने दवाखान्याला हो म्हटलं, शाळेला नाही. आम्ही शाळेकडे काही पाठवलं नाही.