ग्लुकोमीटर आणि जेवणाची वही : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मधुमेहाचे निदान होऊन मला सहा वर्षे झाली. त्यांतली पहिली पाच वर्षे डॉक्टरांनी "पथ्य पाळता ना?" असे विचारले की मी "हो" एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नव्हते, पण मी नेमके काय आणि किती खाते हे त्यातून त्यांना कधीच कळले नाही. गेल्या नोव्हेंबरपासून मी घरचा ग्लुकोमीटर (बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे यंत्र) आणि एक दोनशे पानी वही अशी जोडी वापरते आहे आणि दर भेटीला ती वही घेऊन जाते. हा अनुभव त्या जोडीचा आहे.

सुरुवातीला एका रुग्णालयात मला छापील आहारतक्ता मिळाला होता. त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, सॅलड आणि रात्री सूप होते. आमच्या घरी सकाळी बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, रात्री वरण-भात, रविवारी मिसळ, आणि माहेर नाशिक जिल्ह्यातल्या पेठचे असल्यामुळे वर्षभर पुरेल एवढी नागली (नाचणी) असते. यांतले काहीच त्या कागदावर नव्हते आणि भाकरीविषयी विचारेपर्यंत पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले. तो कागद पाच वर्षे फ्रिजच्या दारावर चिकटलेला राहिला आणि जेवण होते तसेच चालू राहिले.

वहीची पद्धत गंगापूर रोडवरच्या एका आहारतज्ज्ञ मॅडमनी लावून दिली. आठवड्यातून दोन-तीन जेवणे निवडायची, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर मोजायची, आणि शेजारी ताटातले सगळे पदार्थ प्रमाणासह लिहायचे. "काकू, चांगले खाल्ले की वाईट ते लिहू नका, किती खाल्ले ते लिहा," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. भाकरी केवढी असते या त्यांच्या प्रश्नावर मी हाताने आकार दाखवला, तेव्हा त्यांनी घरी एका भाकरीचे पीठ वजन करायला सांगितले. ते ७५ ग्रॅम भरले, म्हणजे एका भाकरीत सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके (अन्नातला रक्तातली साखर वाढवणारा भाग); मी दोन भाकरी खात होते आणि वर भातही. भाकरी साखरेला चालते, नागली तर औषधच, असे ऐकत मी लहानाची मोठी झाले. नागलीत कॅल्शियम आणि तंतू भरपूर असतात हे खरे, पण पिष्टाच्या बाबतीत ती गव्हापेक्षा फारशी वेगळी नाही, हे मला या वयात ताटाच्या हिशेबातून समजले. मॅडमनी भाकरी बंद केली नाही. पीठ ५० ग्रॅमवर आणले, भात असेल तेव्हा एकच भाकरी ठेवली, आणि उसळ व ताक वाढवले.

मिसळीचेही तसेच झाले. दोन पाव आणि भरपूर फरसाण घेतले त्या रविवारी साखर १२८ वरून २३१ वर गेली. पुढच्या वेळी एकच पाव, नावापुरते फरसाण आणि वाटीभर जास्त मटकी घेतली, तेव्हा दोन तासांनी १७६ आली; जेवणानंतर १८० च्या आत राहावी असे माझ्या डॉक्टरांचे सांगणे आहे. तर्रीतल्या तेलाचा विषय त्यांनी वजन आणि हृदयाच्या संदर्भात वेगळा काढला, आणि तो रास्तच होता.

यंत्राबाबत एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. फेब्रुवारीत दिंडोरीच्या नातेवाइकांकडून द्राक्षांची पेटी आली. घड निवडून झाल्यावर मी सहज मोजले तर आकडा २६४. मी घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून पुन्हा मोजायला सांगितले. आता १४९ आले. बोटाला लागलेला द्राक्षांचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. तो पहिला आकडा खरा मानून मी डॉक्टरांकडे गेले असते, तर गोळी वाढवण्याचा विचार चुकीच्या आकड्यावर झाला असता. शिवाय घरचे यंत्र प्रयोगशाळेच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे जाऊ शकते, त्यामुळे मी एका आकड्यावरून काहीच ठरवत नाही.

सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र माझ्या चुकीतून मिळाला. आकडे सुधारू लागल्याच्या उत्साहात मी एका एकादशीला कोणालाही न विचारता रात्रीचे जेवण टाळले, आणि ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी नेहमीप्रमाणे घेतली. रात्री दहाच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मोजले तर साखर फार उतरून ६१. तीन चमचे साखर पाण्यात घालून घेतली, पंधरा मिनिटांनी ८८ आली, मग थोडे जेवले. डॉक्टरांनी वहीतले ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, "ताई, ताट बदलणार असाल तर आधी मला कळवा. ही गोळी त्याप्रमाणे कमी करावी लागते." तोपर्यंत आहार मॅडमचा आणि गोळी डॉक्टरांची, अशी मी मनात वाटणी करून ठेवली होती. आता दोघेही एकाच वहीत लिहितात आणि गोळीचा डोस निम्म्यावर आला आहे.

खर्च कमी नाही. यंत्रात लावायच्या पन्नास पट्ट्यांच्या डबीला मला हजाराच्या आसपास पडतात, म्हणून निवडक जेवणेच मोजणे परवडते. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचले तर दुखणे बरेच कमी होते. पाऊस सुरू झाल्यापासून डबीचे झाकण लगेच घट्ट लावते, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किती वेळा मोजायचे हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे; माझे वेळापत्रक त्यांच्या उपयोगाचे नाही.

नोव्हेंबरमध्ये माझे एचबीए१सी ८.६ होते, फेब्रुवारीत ७.८ आणि जूनमध्ये ७.१ आले. ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवत असल्याने, एखाद्या चांगल्या आठवड्याचा हा परिणाम नाही याची मला खात्री वाटते.

श्रावण जवळ आला आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यामुळे सोमवारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी किती घ्यायची आणि त्या दिवशी गोळीचे काय करायचे, हा प्रश्न मी पुढच्या भेटीसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.