हॅवलॉकला ‘सी फेसिंग’ खोली घेण्याआधी तिथी बघा

अंदमानहून आल्यापासून दुकानात एकच विचारणा चाललीय, "राहायला कुठं बरं?" बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या दुकानात मी हिशेब बघते. गिऱ्हाईक साडी उलगडायला लावून मला खोलीचं भाडं विचारतं. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, आमचे हे (उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे), नववीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई चौऱ्याहत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांनी बेजार, माहेर वेंगुर्ल्याचं. पंढरीची माळ घातल्यापासून मासे सोडलेत, कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. खोली ‘चांगली’ की ‘वाईट’ हे मी या चौघांच्या हिशेबानं सांगणार. लग्न होऊन पंधरा दिवस झालेल्या जोडप्यानं माझं कशाला ऐकावं?

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूर, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 साली श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकचं 2018 ला स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. रिक्षावाला, बोटवाला, खानावळवाला, सगळे जुनंच नाव घेतात. पाटीवर एक आणि तोंडात एक, याचं बेळगावकरांना काय नवल!

पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला अ‍ॅबरडीन बाजाराजवळ काढली. खोली साधी, गादी कडक, पंख्याचा आवाज गिरणीसारखा, पण सेल्युलर जेल जवळ. तिथं सासूबाई सावरकरांच्या कोठडीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग नातीला म्हणाल्या, "ह्यांना पुढं आमच्या बेळगावच्या तुरुंगात पण ठेवलं होतं, ठाऊक आहे का तुला?" 1950 सालची गोष्ट. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. पोर्ट ब्लेअरला राहण्यात दुसरं काही शोधू नका. जेल आणि जेट्टी जवळ असली की झालं.

आता हॅवलॉक. पैसे तिथंच जातात आणि फसगतही तिथंच होते.

मी दोन महिने मोबाइलवर फोटो बघून एक ‘सी फेसिंग कॉटेज’ ठरवली होती. रात्रीचे 7,200, त्यात चौथ्या माणसाची गादी वेगळी. फोटोत नारळाच्या बुंध्यापर्यंत निळंहिरवं पाणी, झोपाळा, पाण्यात सोडलेले पाय. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण त्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलात थोड्याफार फरकानं हेच होईल.

बोटीतून उतरून बाराच्या सुमाराला खोलीवर पोचलो. पाणी जरा मागं गेलं होतं. म्हटलं, जेवून उतरू. जेवण उरकून तीनला किनाऱ्यावर जातो तर समुद्र गायब! नुसता चिखलट राखी रंग, मेलेल्या प्रवाळाचे दगड, मधेमधे गुडघाभर पाण्याची डबकी. पाणी कुठं तरी पार क्षितिजाला चिकटल्यासारखं. हे चपला घालून निघाले. मोजून तीनशे दहा पावलं गेले (वर्कशॉपवाल्याला मोजल्याशिवाय चैन नाही), उजव्या चपलेचा पट्टा तुटला आणि पाणी अजून घोट्यापर्यंतच. मुलीची टाच प्रवाळानं कापली. काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "मॅडम, लो टाइड."

सासूबाई व्हरांड्यात बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आज दत्तजयंती न्हवं का? म्हणजे पुनव. उधाणाचं पाणी जेवढं चढणार, तेवढंच उतरणार. तुम्ही तारीख बघून आलात, तिथी कुणी बघितली?"

वेंगुर्ल्याच्या पोरीला जे लहानपणापासून ठाऊक, ते मी दोन महिने फोटो बघून शिकले नव्हते. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सर्वांत जास्त, भांगाला कमी. अंदमानात उधाणाला पाणी साधारण सकाळी दहाच्या सुमारास भरतं आणि दुपारी चारच्या सुमारास तळाला जातं, मग रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढं सरकत राहतं. दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला बघितलं तर खरंच, पाणी झोपाळ्याखाली! फोटो खोटा नव्हता. दिवसातला तेवढाच एक तास बघून काढला होता.

मुद्दा असा की हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या काठाला, म्हणजे गोविंदनगर-विजयनगर (तिथले लोक तीन नंबर, पाच नंबर म्हणतात), बहुतेक सगळी हॉटेलं आहेत. पण तिथला किनारा उथळ आणि प्रवाळाचा. बघायला देखणा, सूर्योदय तर अप्रतिम, पण पोहायचं म्हटलं तर भरतीचे दोन-तीन तासच. गोव्याची सवय लागलेल्या आपल्या लोकांना हे पटकन ध्यानात येत नाही. चोर्ला घाटानं उतरलं, गाडी लावली, कधीही पाण्यात शिरलं, असं इथं चालत नाही.

पोहायचं तर पश्चिमेला राधानगर, सात नंबर. जेट्टीपासून बारा किलोमीटर. मऊ वाळू, पायाला दगड नाही, ओहोटीलाही पाण्यात उतरता येतं. तिथं ताजसारखी बडी हॉटेलं आहेत, आमच्या खिशाबाहेरची. न राहता त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. पण तिथं राहायचं तर बाजार लांब, जेवणखाण बहुतेक हॉटेलातच, हे धरून चाला. शिवाय आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो, तिथं पाच वाजायच्या आत! घड्याळ आपलंच, पण बेट पार पूर्वेला. राधानगरला साडेचारला पोचणारे लोक धावत सुटलेले बघितले. पाचला शिट्टी वाजली, सगळे पाण्याबाहेर, आणि अंधार पडला की परतीच्या रिक्षेवाल्याचा भाव चढतो. मी त्याच्याशी हिंदीत घासाघीस करत होते, तर हे मधेच रागानं कन्नडमध्ये बोलायला लागले. का, ते त्यांनाच ठाऊक. भाव काही उतरला नाही.

कॉटेजच्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात. नळाला मचूळ पाणी, केस धुतले की काथ्या. वीज गेली की जनरेटर, पण त्यावर एसी चालत नाही, हे आधी सांगितलं नाही. संध्याकाळी वाळूत बसलो तर सँडफ्लाय म्हणतात त्या बारीक माश्या चावल्या. चावताना काही कळलं नाही, रात्री पोटऱ्यांवर लाल गांध्या आल्या आणि बेळगावात येऊन आठवडाभर खाजत होत्या. संध्याकाळी पायाला खोबरेल चोपडून बसा. आणि सासूबाईंचा दत्तजयंतीचा उपवास, तर किचनमधून आले फ्रेंच फ्राइज, वरून कोथिंबीर आणि चाट मसाला. राजगिऱ्याचे लाडू पिशवीत होते म्हणून निभावलं.

दोन रात्री कशाबशा काढल्या. तिसऱ्या रात्रीचे आगाऊ भरलेले पैसे बुडवून आम्ही तीन नंबरच्या बाजारामागं एका बंगाली कुटुंबाच्या घरी दोन खोल्या घेतल्या. एकेक पंधराशे, जेवण वेगळं. निळा पत्रा, अंगणात सुपारी वाळत टाकलेली, समोर समुद्र नाही तर सुपारीची बाग. आणि गंमत म्हणजे सगळ्यांत सुखाचे दिवस तेच गेले.

हॅवलॉकवर पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित वसवले गेले, त्यामुळं गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. सासूबाई पहिल्यापासूनच खूश, "नाव घेतलं तरी पुण्य." त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ बघितल्यावर तर विचारूच नका. त्यांची माळ गळ्याला घट्ट, आमच्या सासूबाईंची छातीवर रुळणारी. दोघींनी एकमेकींच्या माळेला बोट लावून बघितलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला बंगाली नाही, हिंदी दोघींची सारखीच मोडकी. आजींचा स्वयंपाक वेगळा, निरामिष, त्यात कांदा-लसूणही नाही. सासूबाईंच्या ताटाचा प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर दोघी ओट्यावर केळफूल सोलत बसलेल्या. हाताला तेल लावून, एकेक फूल उघडून, आतला ताठ दांडा आणि तो पारदर्शक पापुद्रा चिमटीनं काढून टाकायचा. वेंगुर्ल्यात तस्सं, तिकडंही तस्सं. भाजीत त्यांनी बटाटा आणि ओलं खोबरं घातलं, वर थोडी साखर आणि तूप. आम्ही बेळगावहून नेलेला कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) मी त्यांना दिला, त्यांनी तो वाटीत घेऊन मुरमुऱ्यांबरोबर खाल्ला. मी काही बोलले नाही.

त्या घराचेही दोष आहेत. कोंबडा चारला आरवतो. बाथरूमची कडी नीट लागत नाही, बादली टेकवून ठेवावी लागते. इंटरनेट लहर असेल तेव्हा. भरपूर रोकड जवळ ठेवा, कारण मोबाइलनं पैसे जाता जाता अडकतात. पण यजमानीणबाई रोज सकाळी पाणी कधी भरणार ते सांगायच्या. भरतीला आम्ही जवळच्या किनाऱ्यावर जायचो, एरवी भाड्याच्या स्कूटरनं राधानगरला. सासूबाईंना तिकडं यायचा आग्रहही केला नाही. त्यांना ओटा बरा.

नीलला एकच रात्र राहिलो. सपाट बेट, चालायला सोपं, भाजीपाल्याचे मळे. गुडघेदुखीवाल्यांना हॅवलॉकपेक्षा नील बरं, असं माझं मत. तिथला दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच बघायचा आणि वाट ओल्या दगडांतून, त्यामुळं सासूबाई खोलीवर. म्हणजे ओहोटी दर वेळी वाईटच असते असंही नाही.

बोटीचं तिकीट आधी, खोली मागून. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, नाहीतर विमान चुकेल. शिंपले-प्रवाळ पिशवीत भरू नका. मुलीच्या सॅकमधला एक तुकडा विमानतळावर काढून घेतला आणि ती बेंगळूरपर्यंत गाल फुगवून बसली.

परवाच दुकानात शेजारच्या वैनी आल्या. दिवाळीच्या सुट्टीत चालल्यात, पाच नंबरला सी फेसिंग, पैसे भरून मोकळ्या. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाला अवस. चारला पाणी नसणार बाई तुम्हाला." वैनींचा चेहरा पडला. मग सासूबाईंनी साडीच्या पावतीमागं त्यांना लिहून दिलं, कुठल्या दिवशी सकाळी किती वाजता पाण्यात उतरायचं ते. वैनींनी पावती पर्समध्ये ठेवली आणि साडी घ्यायची विसरून गेल्या.