कल्ट ॲक्शन सिनेमे: डिस्क घ्यायच्या की ओटीटीवर भागवायचं?

ऑफिसातल्या एका मित्राने परवा विचारलं, तुझ्याकडे एवढ्या ब्ल्यू-रे (म्हणजे सिनेमाच्या एचडी डिस्क) आहेत, मला पण हाँगकाँगचे जुने ॲक्शन सिनेमे बघायचा नाद लागलाय, तर प्लेयर घेऊ का ओटीटीवर भागेल? टपरीवरचा चहा संपला तरी माझं उत्तर संपेना, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढतो. मी दोन्ही करून बघितलंय. चारपाच वर्षं फक्त ओटीटी, मग हळूहळू डिस्क, आणि आता घरात दोन्ही आहे. रिझोल्यूशन, एचडीआर वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडून देतो.

आधी ओटीटीबद्दल, कारण त्याचे माझ्यावर उपकार आहेत. हिंजवडीतून ट्रॅफिक तुडवत रात्री साडेनऊला घरी आल्यावर कपाट उघडून डिस्क शोधायचा उत्साह रोज नसतो, रिमोटचं एक बटण दाबलं की सिनेमा सुरू, ही सोय मोठीच आहे. आणि नवीन काहीतरी सापडायचं ठिकाण म्हणजे ओटीटीच. इंडोनेशियाचा 'द रेड' (२०११) मी तिथेच पहिल्यांदा बघितला, काही माहिती नसताना, सहज लावला आणि मग ती बिल्डिंग, तो पेन्चाक सिलाट हा तिकडचा मारामारीचा प्रकार, हिरो इको उवैसचे ते कोपर आणि गुडघे, रात्री दीड वाजता मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो होतो. डिस्क विकत घेऊन तो सिनेमा मी कधीच ट्राय केला नसता. तर ज्याला अजून आपली आवड कुठली तेच कळायचंय, त्याने सुरुवात ओटीटीवरूनच करावी, याबद्दल माझं दुमत नाही.

पण याच 'द रेड'ची एक गंमत मला नंतर कळली. त्याला दोन वेगवेगळी पार्श्वसंगीतं आहेत. इंडोनेशियातल्या मूळ आवृत्तीचं संगीत वेगळं आणि अमेरिकेत रिलीज करताना माइक शिनोडा आणि जोसेफ ट्रॅपनीज यांच्याकडून नवीन करून घेतलेलं वेगळं. दोन्ही चांगली आहेत, भांडण नाही, पण ओटीटीवर आपण कुठली ऐकतोय ते सांगणारं कोणी नसतं. जुन्या हाँगकाँगच्या सिनेमांचं तर याहून वाईट. बऱ्याचदा फक्त इंग्रजी डबिंग असतं, कँटोनीज म्हणजे मूळ हाँगकाँगच्या भाषेतला आवाजच नसतो, किंवा आवाज कँटोनीज आणि सबटायटल इंग्रजी डबिंगचे, म्हणजे पात्र बोलतंय एक आणि खाली लिहून येतंय तिसरंच. शिवाय आज लिस्टमध्ये टाकलेला सिनेमा पुढच्या महिन्यात गायब. हक्क संपतात, त्याला इलाज नसतो, मान्य आहे. हे सगळं मी चालवून घेत होतो. डिस्ककडे वळलो ते एका वेगळ्याच गोष्टीने.

शेवटची पाटी. म्हणजे क्रेडिट्स.

जॅकी चॅनचे सिनेमे बघणाऱ्याला सांगायला नको, पण तरी सांगतो, कारण माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागला. त्याच्या सिनेमात शेवटी नावं वर सरकत असताना बाजूला चुकलेले शॉट दाखवतात. ही आयडिया त्याने 'कॅननबॉल रन' (१९८१) या अमेरिकन सिनेमावरून घेतली, तो स्वतः त्यात छोट्या रोलमध्ये होता, आणि १९८२ च्या 'ड्रॅगन लॉर्ड'पासून आपल्या सिनेमात सुरू केली. अमेरिकन सिनेमात ते हसण्यावारी होतं, डायलॉग विसरले, हसू फुटलं वगैरे. जॅकीने तिथे आपली हाडं मोडलेली दाखवली. 'आर्मर ऑफ गॉड'च्या (१९८६) वेळी युगोस्लाव्हियात तटावरून झाडावर उडी मारताना फांदी तुटली, तो खाली दगडावर डोक्यावर पडला, कवटी फुटली, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. मरता मरता वाचला माणूस. आणि ते पडणं त्या सिनेमाच्या शेवटी आहे. बाकी सिनेमा जरी तुम्ही विसरलात तरी ती वीसतीस सेकंदं विसरणार नाही.

मी शाळेत असताना मोठ्या चुलतभावाबरोबर कॅम्पातल्या एका थेटरात 'रम्बल इन द ब्राँक्स' बघितला होता. तेव्हा पुण्यात इंग्रजी सिनेमा म्हटलं की अलका, राहुल, वेस्ट एंड, अशी चारदोन नावंच तोंडात असायची. सिनेमा संपला, नावं सुरू झाली, डोअरकीपरने सवयीने दरवाजे उघडले, बाहेरचा पांढरा उजेड पडद्यावर आला, पण एक माणूस उठला नाही. पडद्यावर जॅकीचा घोटा मोडलेला, प्लास्टर घातलेलं, आणि त्या प्लास्टरवर चढवायला बुटासारखा रंगवलेला मोजा, म्हणजे कॅमेऱ्यात पायात बूट आहे असंच वाटावं. तो मोजा चढवून हा बाबा परत शूटिंगला उभा. मागच्या रांगेतून कोणीतरी जोरात म्हणालं, "आयला, खरंच मोडलाय!" आणि अख्ख्या थेटराने टाळ्या वाजवल्या, मघाशी मारामारीला वाजवल्या नव्हत्या एवढ्या. दादा मला दंडाला धरून बाहेर काढत होता आणि मी मान वळवून पडद्याकडेच बघत होतो.

आता ओटीटीवर काय होतं बघा. गेल्या मे महिन्यात माझा भाचा नाशिकहून आला होता, दहावी झालेली, सुट्टी, त्याला म्हटलं चल तुला 'पोलीस स्टोरी' (१९८५) दाखवतो. ॲपवर नशिबाने होता. शेवटची मॉलमधली मारामारी सुरू झाली, काचा फुटतायत, माणसं शोकेसमधून आरपार जातायत, आणि मग तो खांब. दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून जॅकी वरच्या मजल्यावरून सरळ तळापर्यंत घसरत येतो, दिवे फटाफट फुटत येतात, आणि तोच शॉट तीन वेगवेगळ्या कोनांतून तीनदा दाखवलाय कारण ते पुन्हा करणं शक्यच नव्हतं. त्या एका शॉटमध्ये त्याचे हात भाजले आणि पाठीला, कमरेला जबर मार बसला. भाचा जागचा हलला नव्हता. मला म्हणाला, "मामा, हे खरं केलंय का ग्राफिक्स आहे?"

मी म्हटलं थांब, आता कळेल. उत्तर शेवटच्या पाट्यांमध्येच आहे ना, जॅकीच्याच आवाजातलं गाणं आणि बरोबर ते सगळे चुकलेले शॉट, लोक पडतायत, स्ट्रेचर येतंय. पहिलं नाव वर आलं आणि चित्र टुणकन कोपऱ्यात गेलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. बाकी सगळ्या स्क्रीनवर कुठल्यातरी केक बनवायच्या स्पर्धेचं पोस्टर आणि खाली आकडे, सात, सहा, पाच. मी रिमोट शोधतोय, तो भाच्याच्या मांडीखाली, मिळाला, घाईत बाण दाबला तर तो चौकोनावर जायच्या ऐवजी केकवरच गेला आणि स्पर्धा सुरू झाली. मागे आलो तर सिनेमा "बघून झाला" म्हणून पहिल्यापासून सुरू. पुढे ओढत ओढत शेवटाला आणला, परत तेच, चित्र कोपऱ्यात. तोवर भाचा मोबाईल बघायला लागला होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या तिकिटाएवढ्या चौकोनात चालू होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं.

सेटिंगमध्ये जाऊन पुढचं आपोआप लागणं बंद करता येतं, ते मी केलं. माझ्या टीव्हीवर त्याने केक लागायचे थांबले, चित्र लहान व्हायचं थांबलं नाही. तुमच्या ॲपवर, तुमच्या टीव्हीवर कदाचित वेगळं असेल, तपासून बघा. पण माझं मन त्या दिवशी उठलं ते उठलंच. दुसऱ्या दिवशी मी त्याला कपाटातली डिस्क काढून लावून दाखवली, पूर्ण स्क्रीनवर, शेवटच्या नावापर्यंत. हात भाजणारा माणूस कोण हे त्याला दिसलं. मग मोबाईल बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, तो खांब परत लाव."

चित्राच्या क्वालिटीबद्दल मी फार बोलणार नाही, मी काही मोजमाप केलेलं नाही. पण डोळ्यांना फरक दिसतो आणि तो ॲक्शनमध्येच जास्त दिसतो. हाँगकाँगचा दिग्दर्शक जॉन वूचा 'हार्ड बॉइल्ड' (१९९२) घ्या, सुरुवातीच्या चहाच्या हॉटेलातल्या गोळीबारात हिरो चाउ युन-फॅटच्या चेहऱ्यावर पांढरं पीठ बसतं आणि हवेत सगळीकडे तेच उडतंय. ओटीटीवर माझ्याकडे ते पीठ चौकोनी होतं. डिस्कवर ते पीठच असतं. आणि त्याच सिनेमात हॉस्पिटलमधला तो न कापलेला लांब शॉट, पावणेतीन मिनिटांच्या आसपास, मध्ये दोघं हिरो लिफ्टमध्ये जातात आणि लिफ्टचं दार बंद असताना बाहेर क्रू तोच कॉरिडॉर आवरून दुसरा मजला म्हणून सजवतो. एका दमात केलेली एवढी मेहनत, आणि नेमकं तिथेच नेट अडकून गोल चक्र फिरायला लागलं तर काय वाटतं ते सांगून कळणार नाही.

आता डिस्कचा त्रास, कारण तो पण आहेच आणि लपवून उपयोग नाही. पहिला म्हणजे रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल त्याचा कोड. आपला भारत ब्ल्यू-रेसाठी सी मध्ये येतो, अमेरिका, जपान आणि हाँगकाँग ए, इंग्लंड आणि युरोप बी. ॲरो, युरेका, ८८ फिल्म्स यांच्यासारख्या हे सिनेमे जीव लावून काढणाऱ्या लोकांच्या डिस्क बऱ्याचदा बी किंवा ए ला लॉक असतात, इथला साधा प्लेयर त्या घेतच नाही. माझी पहिली डिस्क आली, कव्हरचा वास घेऊन झाला, ट्रेमध्ये घातली आणि स्क्रीनवर दोन ओळींचा नकार. म्हणून प्लेयर घ्यायचा तर रिजन-फ्रीच घ्या, किंवा फोर-के डिस्क घ्या, त्यांना रिजनची भानगड नसते. इकडे दुकानात आता डिस्क जवळजवळ मिळत नाहीत, बाहेरून मागवायच्या म्हणजे पोस्टेज आणि कस्टम धरून खिसा हलका होतो. एका डिस्कच्या पैशात ओटीटीचे कितीतरी महिने निघतात, हे साफ कबूल. रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर कधीमधी डीव्हीडी हाती लागतात, तो आनंद वेगळा.

पण डिस्क म्हणजे सगळं बरोबर, असंही समजू नका. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला जॅकीच्याच 'ड्रंकन मास्टर २'ची (१९९४) डीव्हीडी मिळाली, मी उड्या मारत घरी आलो, तर ती २००० साली अमेरिकेत काढलेली आवृत्ती निघाली, इंग्रजी डबिंग आणि अगदी शेवटचा प्रसंग कापलेला. फॅक्टरीतली ती निखाऱ्यांवरची मारामारी जशीच्या तशी आहे, पण त्यानंतरचं उडवलंय. तेव्हापासून घेण्याआधी मी पाठीमागच्या बाजूचा फोटो मागवतो आणि तीन गोष्टी बघतो, मूळ भाषेचा आवाज आहे का, सिनेमाची लांबी किती मिनिटं लिहिलीये आणि रिजन कुठला. पावसाळ्यात कव्हरच्या कागदाला बुरशी धरते, त्यासाठी स्टीलच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. घरात जागा जाते, त्यावर बोलणी बसतात, ती बसू द्यायची.

तर कोणी काय करावं? तुम्ही एकदा बघून पुढे जाणारे असाल, दर आठवड्याला नवीन काहीतरी लागत असेल, तर ओटीटी पुरे आहे, उगाच खर्च करू नका. पण एकच सिनेमा दहादा बघणारे असाल, तो अमुक स्टंट कोणी केला, कितव्या टेकला केला, कोणाला लागलं हे जाणून घ्यायला जीव तडफडत असेल, तर माझं आपलं मत, आवडत्या दहा सिनेमांच्या डिस्क घ्या आणि बाकीचं ओटीटीवर बघा. माझं तरी असंच बसलंय. ओटीटीवर शोधतो, आवडलं की डिस्क मागवतो.

मित्राला अजून ठरवता येत नाहीये, प्लेयरचा खर्च जास्त वाटतोय त्याला आणि ते बरोबरच आहे. त्याला रविवारी घरी बोलावलंय. 'सुपरकॉप' (१९९२) लावणार आहे. २०२३ मध्ये ऑस्कर घेताना सगळ्यांनी बघितली ती मिशेल योह त्यात मोटरसायकलवरून चालत्या ट्रेनवर उडी मारते, आणि ती मोटरसायकल चालवायला ती त्या सिनेमासाठी शिकली होती. ते तर तो बघेलच. पण शेवटच्या पाट्यांमध्ये ती जॅकीच्या गाडीच्या काचेवर उडी घेते, हात सुटतो आणि चालत्या गाडीवरून खाली रस्त्यावर पडते, ते त्याला मोठ्या स्क्रीनवर बघू दे. त्याला म्हटलंय, प्लेयरचं त्यानंतर ठरव.